गावाकडच्या रस्त्यावर सीट बेल्ट नको, हे म्हणणे का टिकत नाही

‘सीट बेल्ट महामार्गासाठी आहे, गावाकडे वेग कमी असतो, मागे बसणाऱ्याला तर त्याची मुळीच गरज नाही, गाडी कालव्यात गेली तर बेल्टमुळेच माणूस अडकतो आणि हजार रुपयांचा दंड ही निव्वळ वसुली आहे,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो वाचून बेल्ट सोडणारी माणसे आपल्याच घरातली असतात, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

आधी वेगाचा मुद्दा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी झाडावर आदळून थांबते, पण बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जाऊन स्टिअरिंगवर किंवा काचेवर आपटतो. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. तालुक्याच्या रस्त्याला दुभाजक नसतो, कडेला बाभळी आणि मोरीचे कठडे असतात, गाळपाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते आणि सोयीचे रुग्णालय बहुधा दूर असते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात.

कालव्याची भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. पाण्यात पडण्याआधी गाडी कठड्यावर आदळते किंवा उलटते. त्या धक्क्यात डोके आपटून बेशुद्ध झालेल्याला दार उघडता येत नाही, तर बेल्टमुळे शुद्धीवर राहिलेला माणूस लाल बटण दाबून मोकळा होऊ शकतो.

मागच्या आसनाबद्दल ४ सप्टेंबर २०२२ चा पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळचा अपघात आठवावा. सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळली, तेव्हा मागे बेल्ट न लावता बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्यांनाही बेल्टची सक्ती करणारा नियम तेव्हाही होताच.

राहिला दंड. बेल्टची नुसती क्लिप खोचून गाडीचा गजर बंद करणारे लोक पावती कदाचित चुकवतील, आघात चुकवू शकत नाहीत. मात्र वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपमध्ये आडव्या बाकावर दाटीने बसणाऱ्यांना बेल्टच नसतो, ही तक्रार रास्त आहे. तिथे दंडाच्या जोडीला एसटीच्या वेळेवर येणाऱ्या फेऱ्या हव्यात आणि त्यांची मागणी ग्रामसभेतून ठरावाने आगाराकडे गेली पाहिजे.