शंभर पाण्यांचं तूप

बेळगावचं ऊन कुणाला बाधत नाही, असा माझा समज होता. 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणवणाऱ्या गावात टोपी घालायची म्हणजे गावाचा अपमानच की! त्यात तो एप्रिलातला रविवार ढगाळ. बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून येळ्ळूरचा राजहंसगड चढलो. रात्रीपर्यंत काहीच नाही. सकाळी उठतो तर मान आणि खांदे ब्याडगी मिरचीसारखे लालभडक. ढग आडवे आले तरी ऊन आपली उधारी ठेवत नाही, फक्त वसुलीला दुसऱ्या दिवशी येतं.

शेजारच्या अक्का पान घेऊन धावत आल्या. आमची कोरफड, त्यांची लोळसर. पान कापून आधी उभं ठेवायचं, पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, नाहीतर खाज सुटते, यावर आजी आणि अक्का यांचं झटक्यात एकमत झालं. सीमाभागात इतकं एकमत मी पहिल्यांदाच बघितलं. गर लावला, गार वाटलं. इथंच थांबायला हवं होतं.

पण आजीनं तांब्याची परात काढली.

"शतधौत घृत करूया. भाजल्यावर त्यासारखं औषध नाही."

शतधौत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप. परातीत तूप घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळव्यानं फेसायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. शंभरदा.

"फेसणार कोण?"

"माझे हात दुखतात बाबा."

म्हणजे ज्या खांद्यांसाठी औषध, तेच खांदे कामाला! दर फेऱ्याला कातडी ताणली जायची नि मी कळवळायचो. आजी मराठीत मोजत होती, अक्का कन्नडात. एक्काहत्तराव्या पाण्याला आजीचा फोन वाजला. परतली तेव्हा तिच्या हिशेबानं एकसष्ट झाले होते, अक्कांच्या हिशेबानं 'अरवत्तमूर', म्हणजे त्रेसष्ट. माझ्या एक्काहत्तराला कोण विचारतंय? पेशंटचा आकडा धरत नाहीत.

संध्याकाळी तूप पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ झालं. खरंच सुंदर दिसत होतं. मी मान पुढं केली. आजीनं बोटभर लावलं आणि उरलेलं वाटीत भरून झाकण घातलं.

"एवढंच?"

"मग काय? माझ्या टाचा कधीच्या फुटल्यात."