उच्चाराला हसू नका
एका लेखात वाचलं, की एका विद्यार्थिनीला परीक्षेपेक्षा आजोबांच्या फोनचा ताण जास्त येतो, कारण पूर्वजांच्या देशाची भाषा तिला समजते, पण बोलता येत नाही. अगदी पटलं! १९०८ मध्ये यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की काम अवघड असेल तर थोडाच ताण उपयोगी पडतो, वाढला की शिकणं बिघडतं. (उंदरांना आजोबांचे फोन येत नव्हते, ते सोडा.) घरच्यांनी उच्चारावरून चिडवलं की माझंही तोंड बंद व्हायचं. आजीने चुका काढणं थांबवलं आणि नुसत्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागली, तेव्हा कुठे जीभ सुटली. आजीचा तो देश मी अजून पाहिलेला नाही. आजीच्या अंगणातली विहीर कुठे होती, ते मात्र सांगू शकतो.