सागाची जाळी पक्ष्यांमुळे होत नाही!
यावल-चोपड्याकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पक्षी झाडावरचे, अळ्या खाणारे कोळी खातात म्हणून अळ्या माजतात आणि सातपुड्यातल्या सागाच्या पानांची जाळी होते (नुसत्या शिरा उरतात), तर पक्षी हाकला. हे चूक आहे. पक्षी कोळी खातात हे खरंय, स्वीडनमध्ये स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर जाळं टाकून पक्षी अडवले तर हिवाळ्यात आत कोळी जास्त उरले, पण तेच पक्षी अळ्याही खातात ना! अमेरिकेत मिसुरीत ओकच्या छोट्या झाडांना पिंजरे लावून पक्षी बाहेर ठेवले (१९९४ चा अभ्यास), तर पानं खाणारे किडे आणि पानांचं नुकसान दोन्ही जवळपास दुप्पट झालं. सागाची जाळी करते ती बारीक अळी, शिरा सोडून मधलं हिरवं तेवढं खरवडते. गलोली खाली ठेवा रे पोरांनो, प्लीज, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.