पडायला शिकवणं म्हणजे पापाला सवलत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू, सलाम.

उतारवयाकडे झुकताना मी ज्युडो शिकायला लागलो आणि त्यातून विश्वासाविषयी जे उमगलं ते लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचा मुख्य आक्षेप असा : ज्युडोत पहिला धडा पडण्याचा असतो आणि विश्वासाच्या जीवनातही तो लवकर शिकायला हवा, हे माझं वाक्य धोक्याचं आहे. ख्रिस्ती माणसाला उभं राहायला शिकवायचं असतं. पडायला शिकवणं म्हणजे पापाला सवलत देणं. आधाराला तुम्ही बायबलमधलं १ करिंथ १०:१२ दिलंत : आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं, त्याने पडू नये म्हणून जपावं. शिवाय तारण कृपेने मिळतं, सरावाने नव्हे. मॅटवर वाकून नमस्कार करणं मूर्तिपूजेच्या वाटेवरचं आहे. आणि रविवारचं, प्रभूच्या दिवसाचं, काय, असंही तुम्ही विचारलंत.

पडण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

नवशिक्याला आधी आडवं झोपवून, मग उकिडवं बसवून आणि मग उभ्याने पडायला लावतात. हनुवटी छातीशी, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात अंगापासून थोडा लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, मॅटवर फाडकन. श्वास बाहेर. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, मागे हात टेकून स्वतःला सावरायचं नाही. तोल गेला की जीव ओरडून सांगतो, टेक हात! टेकलात की अंगाचा सगळा भार मनगटावर नाहीतर कोपरावर येतो आणि मोडायचं ते तिथेच मोडतं. ताठ पडणाऱ्याला लागतं. भार पसरून पडणारा उठून पुन्हा समोर उभा राहतो.

यात पडण्याची हौस कुठे आहे? सामन्यात कुणी तुम्हाला ताब्यात ठेवून, वेगाने आणि जोराने पाठीवर टाकलं, तर तो इप्पोन. लढत तिथेच संपते. पडण्याची किंमत खेळ माफ करत नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात विचारतो आणि स्वतःच ठाम 'कधीच नाही' म्हणतो. त्या उत्तराला मीही बांधलेला आहे.

तरीही पडायला आधी शिकवतात, कारण ज्याच्या मनात पडण्याची धास्ती आहे तो धड उभाच राहत नाही. कंबर मागे काढतो, हात लाकडासारखे करतो, पाय उचलायला घाबरतो. त्याची सगळी ताकद न पडण्यात जाते. आणि मुरलेला खेळाडू नेमक्या त्याच ताठपणाचा उपयोग करून त्याला उचलतो. असे विश्वासणारे तुम्हीही पाहिले असतील. चूक होईल या भीतीने ना कुणाच्या दुःखात शिरतात, ना कुणाशी मनातलं बोलतात. त्यांचं पडणं कुणाला दिसत नाही इतकंच. तुम्ही दिलेलं वचन मी आपल्या उभं राहण्याविषयी निःशंक असलेल्यांना दिलेला इशारा म्हणून वाचतो. त्याच्या पुढच्याच वचनात पौल आपल्या सावधपणावर भिस्त ठेवत नाही. देव विश्वासू आहे, तो परीक्षेबरोबर निभावण्याचा मार्गही देईल, असं म्हणतो.

आता पेत्र आणि यहूदा या येशूच्या दोन शिष्यांकडे पाहा. दोघे एकाच रात्री पडले : यहूदाने येशूला धरून दिलं, पेत्राने आपण त्याला ओळखतच नाही असं म्हटलं. यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. मत्तय २७ मध्ये तो चांदीची तीस नाणी घेऊन परत जातो आणि निर्दोष रक्त धरून दिलं असं कबूल करतो. पण तो जातो मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणतात, त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. पेत्राला मात्र पडण्याआधीच प्रभूने सांगून ठेवलं होतं (लूक २२) : तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पेत्र पडणारच नाही, असं प्रभू म्हणत नाही. पडण्याच्या पलीकडे त्याच्यासाठी काम ठेवतो. याला पापाची सवलत म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा.

आणि एक गोष्ट, जी मला सरावातच कळली. ज्युडोत टाकणारा टाकताना समोरच्याची बाही सोडत नाही. शेवटपर्यंत धरून थोडी वर ओढतो, म्हणजे पडणारा कुशीवर नीट उतरतो. बाही सोडून देणाऱ्याला लगेच बोलणी बसतात, थ्रो कितीही देखणा असो. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा म्हटलंय, ते हेच. मंडळीत आपण माणसाला चुकीबद्दल बोलतो, बोलायलाही हवं. पण बाही किती वेळा धरून ठेवतो? (हे तुम्हाला उद्देशून नाही. तुमच्या प्रतिक्रियेत कळकळ आहे, ती मला दिसली.)

कृपा आणि सरावाबद्दल फार लिहीत नाही. सरावाने मी तारण कमावतोय असं मला कधीच वाटलं नाही. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये दोन्ही शेजारी आहेत : तुम्ही भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. पौलाला खेळाचं वावडंही नव्हतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, विजेत्याला पानापाल्याचा मुकुट मिळे. त्याच करिंथकरांना तो नाशवंत मुकुटाचं सांगतो आणि स्वतःला धावणारा नि मुष्टियुद्ध करणारा म्हणवतो. मात्र साम्य इथे संपतं, हेही लिहून ठेवतो : ज्युडोत पट्ट्याच्या रंगावरून कोण किती पुढे गेला ते कळतं. विश्वासात असा पट्टा बांधायला निघालेला माणूस लूक १८ मधल्या, स्वतःच्या धार्मिकतेची प्रौढी मिरवणाऱ्या परूश्याशेजारी जाऊन उभा राहतो.

नमस्काराचा तुमचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली, हे खरं आहे. अनेक ठिकाणी भिंतीवर त्यांचा फोटो असतो आणि त्या दिशेनेही वाकतात. जोडीदाराला वाकण्यात मला काहीच अडत नाही. याकोबाने पनीएलजवळ रात्रभर झोंबी घेतली, जांघेचा सांधा निखळला, आणि सकाळी लंगडत जाऊन एसावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत नमला. ते भावाला नमन होतं. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तीन यहुदी तरुण जिच्यापुढे वाकले नाहीत ती बाबेलच्या राजाने आराधनेसाठी उभारलेली मूर्ती होती. फोटोचं मात्र मला पटत नाही. मी प्रशिक्षकांना तसं सांगितलं आणि तेवढ्या वेळी सरळ उभा राहतो. कुणाची हरकत नाही. दुसरा एखादा ख्रिस्ती तिथे वाकत असेल तर त्याला मी मूर्तिपूजक म्हणणार नाही. रिम्मोनाच्या देवळात राजाबरोबर वाकावं लागेल म्हणून अरामी सेनापती नामानाने आधीच क्षमा मागितली, तेव्हा संदेष्टा अलीशा एवढंच म्हणाला, शांतीने जा.

रविवारी मी सरावाला जात नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल धावला नाही, आणि पुढे ४०० मीटरमध्ये त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. तो आपल्या बाजूचा, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण नंतर चीनमध्ये मिशनरी असताना जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथली मुलं रविवारी पंचाशिवाय हॉकी खेळताना भांडायला लागली, तेव्हा हाच लिडेल रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उतरला, असं छावणीतल्या सोबत्यांनी सांगितलं आहे. माझा नियम मला सोडायचा नाही, पण तशी मुलं समोर आली तर मीही जाईन.