फ्रेजल व्हर्बचा तो फॉरवर्ड आणि ‘खाऊन टाक’

परत आला तो फॉरवर्ड, ह्यावेळी मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलाय. म्हणे इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बला (म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘ऑन’सारखा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो ते) काही लॉजिक नसतं, खालची यादी घोका, मराठीत असली भानगडच नाही आणि ऑफिसच्या मेलमध्ये तर चुकूनही वापरू नका.

मराठीत नाही? अहो, ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा नक्की काय टाकतो आपण? ‘बसून घे’मध्ये काय घेतो? पुस्तक ‘वाचून काढलं’ तर त्यातून बाहेर काय काढलं? ‘टाक’ म्हणजे इथे संपव, विषय मिटव. इंग्रजीत हेच काम बऱ्याचदा ‘अप’ करतं, ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, म्हणजे खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. तसंच ‘ऑन’ लागला की काम चालूच राहतं, गो ऑन, कॅरी ऑन, रीड ऑन. झालं की लॉजिक! आता ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं हे कुठूनच निघत नाही, ते घोकावंच लागतं, मान्य.

त्या यादीत ‘ऑफ म्हणजे बंद’ असंही ठोकून दिलंय. मी ह्याच नियमाने आपटलोय. पहिल्या नोकरीत परदेशातल्या मॅनेजरचा मेसेज आला, ‘फायर अलार्म वेंट ऑफ’. मला वाटलं बंद झाला, म्हणून ‘गुड’ असा रिप्लाय देऊन डबा उघडला, आणि तिकडे अख्खी बिल्डिंग रस्त्यावर उभी. लाइट गेले तर वेंट ऑफ, पण अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, बॉम्ब असेल तर फुटला, आणि ब्रिटनमध्ये दूध वेंट ऑफ म्हणजे नासलं.

मेलमध्ये बंदी म्हणाल तर ‘फॉलो अप’ला काय लिहिणार हो? ‘कॅरी आउट’ (पार पाडणं) तर रिसर्च पेपरातही सर्रास असतं. पुढे ढकलायला ‘पुट ऑफ’पेक्षा ‘पोस्टपोन’ जरा फॉर्मल वाटतं, बास, एवढंच.

आणि दुसऱ्यांना शिकवताना निदान यादी तरी तपासा राव, त्यात ‘कोप अप विथ’ आहे, खरं ते नुसतं ‘कोप विथ’ (निभावून नेणं), ‘अप’ आपल्याकडचं चिकटवलेलं. ‘पिक अप इट’ही चूक, ‘इट’ मधे येतं, पिक इट अप. पण ‘लुक आफ्टर’ असं तोडता येत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हर’च.

मावशीला हे सगळं लिहून पाठवलं तर तिचा रिप्लाय, “अरे मी वाचलंच नव्हतं, नुसतं पाठवून दिलं.” घ्या, ‘पाठवून दिलं’!