पेट्यांची नोंद ठेवणाऱ्याचं उत्तर

डेटाबेसच्या बेंचमार्कवरच्या, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांवरच्या, माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: टीपीसी या चाचण्या ठरवणाऱ्या संस्थेच्या चाचण्या लेखापरीक्षकाने तपासलेल्या असतात, मी साल चुकवलं, स्वतःच्या मोजणीची सेटिंग दिली नाहीत, आणि ‘रत्नागिरीत आंब्याच्या पेट्यांची नोंद ठेवणाऱ्याने यात पडू नये.’

सालाचं मान्य. टीपीसी ही संस्था 1988 ची, टीपीसी-सी ही चाचणी 1992 ची. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य? ही काय बोलायची रीत झाली? टीपीसी-सीमध्ये मोजतात तरी काय? गोदामं असलेल्या घाऊक व्यापाऱ्याच्या ऑर्डरी. एका गोदामाखाली 10 विभाग, दर विभागात 3000 गिऱ्हाइकं. ऑर्डर घ्यायची, पैसे जमा करायचे, माल पाठवायचा, शिल्लक बघायची. मिनिटाला नव्या ऑर्डरी किती, तो आकडा छापतात. मी 19 वर्षं हेच काम करतोय.

एका हंगामात विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला सेकंदाला इतक्या नोंदींचा आकडा बघून मी डेटाबेस बदलला. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. मशीन परत चालू केलं तर शेवटच्या ऑर्डरी गायब. नोंद डिस्कवर पोचण्याआधीच ‘कमिट झालं’, म्हणजे नोंद पक्की झाली, असं उत्तर येत होतं. सगळा वेग त्यातून आलेला, आणि पत्रकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांनी पैसे भरलेले. वही घेऊन रात्री एक वाजेपर्यंत एकेकाला फोन लावत बसलो. त्या रात्री तुम्ही कुठे होतात?

टीपीसीत टिकाऊपणाची, म्हणजे मशीन बंद पडलं तरी पक्क्या नोंदी टिकतात का याची, परीक्षा द्यावीच लागते, हे मूळ लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचलंच नसेल तर माझा इलाज नाही. त्या अहवालांत यंत्राची किंमत आणि सगळी सेटिंग उघड करावी लागतात, म्हणून मी ते वाचतो. पण तपासलेली चाचणीही जुनी होते. टीपीसीचीच दुसरी चाचणी, टीपीसी-डी, तिचे प्रश्न आधीच ठरलेले होते. डेटाबेस त्यांच्या उत्तरांचे सारांश अगोदर तयार ठेवू लागले, तेव्हा 1999 मध्ये तिच्या जागी दोन नव्या चाचण्या आणाव्या लागल्या. शिवाय काही डेटाबेसच्या परवान्यांत मालकाच्या संमतीशिवाय निकाल छापायलाच बंदी आहे. मग छापलेल्या आकड्यांवरून तुलना करायची ती कशी?

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. माझ्या सेटिंगची फाईल हवी असेल तर मागा, देतो. फक्त नीट शब्दांत मागा.