रफीक हबीब शोभेची बाहुली होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ती रागाने लिहिलेली असली तरी विषय जाणणाऱ्या माणसाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इजिप्तच्या मुस्लीम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेने रफीक हबीब या ख्रिस्ती अभ्यासकाला पक्षाचा उपाध्यक्ष केलं ते फक्त जगाला दाखवायला, आणि मी अशा शोभेच्या बाहुलीला विचारवंत म्हणून ब्रदरहूडची पापं धुतली.

यातलं अर्धं मला मान्य आहे. २०११ मध्ये ब्रदरहूडची 'फ्रीडम अँड जस्टिस पार्टी' निघाली, मोहम्मद मोर्सी पक्षाचे अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षांमध्ये हबीब आले. याच ब्रदरहूडच्या २००७ च्या पक्ष-कार्यक्रमाच्या मसुद्यात स्त्रीला आणि ख्रिश्चनाला राष्ट्राध्यक्षपद नाकारलेलं होतं. तो डाग झाकायला ख्रिस्ती उपाध्यक्ष कामी आला. हे मी लेखात लिहायलाच हवं होतं. राहून गेलं, ती माझी चूक.

पण बाहुली म्हणायला मी तयार नाही. १९९६ साल बघा. अबुल-इला मादी आणि ब्रदरहूडमधल्या काही तरुणांनी 'वसत' पक्षासाठी अर्ज केला, त्या संस्थापकांत हबीब होते. सरकारने अर्ज फेटाळला, मादींना अटक करून लष्करी कोर्टापुढे उभं केलं. ब्रदरहूडचे ज्येष्ठ नेतेही या पक्षाच्या विरोधात गेले. आणि हबीबांचे वडील कोण, तर सॅम्युएल हबीब, इजिप्तच्या प्रोटेस्टंट समाजाचे प्रमुख. अशा घरातल्या मुलाला त्या अर्जावर नाव घालून काय मिळणार होतं? वसतला मान्यता मिळाली ती राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता पडल्यावर, फेब्रुवारी २०११ मध्ये. पंधरा वर्षांनी!

त्यांना तिकडे ओढून नेलं ते त्यांच्या विचाराने. अरब-इस्लामी संस्कृती मुसलमान आणि कॉप्ट (इजिप्तचे ख्रिस्ती) दोघांनी मिळून घडवली, ख्रिश्चन तिथे पाहुणा नाही, घरचा आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ही वाटही त्यांनी नव्याने पाडलेली नाही. वफ्द या जुन्या राष्ट्रवादी पक्षाचे कॉप्ट नेते मकरम उबैद स्वतःला धर्माने ख्रिस्ती आणि वतनाने मुसलमान म्हणवत. १९४९ मध्ये ब्रदरहूडचे संस्थापक हसन अल-बन्ना यांच्या अंत्ययात्रेला पोलिसांनी पुरुषांना फिरकू दिलं नाही, तेव्हाही उबैद गेले होते असं सांगतात. ख्रिस्ती माणूस या राजकारणात दिसला की तो एकतर विकला गेला किंवा फसला, असं आपण धरून चालतो. त्याला ते पटलेलं असू शकतं, हे आपल्या मनातच येत नाही.

आता माझी खरी तक्रार सांगतो. तुमची टीका मला सौम्य वाटते. बाहुली म्हटलं की माणूस सुटतो, कारण बाहुलीला जाब कोण विचारणार? विचारवंताला विचारता येतो.

मोर्सी राष्ट्राध्यक्ष असताना झालेलं २०१२ चं संविधान घ्या. शरियाची तत्त्वं हा कायद्याचा मुख्य स्रोत, हे कलम २ जुनंच होतं. नव्या कलम २१९ ने त्या तत्त्वांची व्याख्या केली, तीही सुन्नी पंथांना मान्य असलेल्या स्रोतांना धरून. कलम ३ ने ख्रिश्चनांना विवाहासारख्या वैयक्तिक बाबींपुरते आणि धर्मगुरू निवडण्यापुरते स्वतःचे नियम दिले. म्हणजे घरचा म्हणवलेल्या माणसाला एक खोली मिळाली, आणि बाकीच्या घराचे नियम त्याला वगळून ठरले. चर्चचे प्रतिनिधी घटना समितीतून उठून गेले. तेव्हा नवं चर्च बांधायला थेट राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागे. ही रीत १८५६ च्या उस्मानी फर्मानापर्यंत मागे जाते. शेजारी बहुसंख्य आणि सत्ताही त्यांचीच, अशा वेळी परवानगीसाठी ताटकळणाऱ्या गावकऱ्याच्या हातात नुसतं 'आपली संस्कृती एकच' हे वाक्य ठेवून काय होणार? त्याला दाद मागता येईल असा हक्क हवा होता. हबीबांच्या मांडणीत मला तो कुठे सापडत नाही.

आणि मग ते दोन आठवडे. २२ नोव्हेंबर २०१२ ला मोर्सींनी फर्मान काढून स्वतःचे निर्णय कोर्टाच्या कक्षेबाहेर नेले. त्यांचे दुसरे ख्रिस्ती सहकारी समीर मरकुस यांनी लगेच पद सोडलं. हबीब थांबले. ५ डिसेंबरला इत्तिहादिया या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याबाहेर मोर्सी-समर्थकांनी फर्मानाविरोधातल्या आंदोलकांचे तंबू उखडले, रात्रभर मारामारी झाली, माणसं मेली. त्यानंतर हबीबांनी राजकारण सोडलं. विरोधात गेले नाहीत, बाजूला झाले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच हे थांबणं जास्त टोचतं.

तुम्ही विचारलंत, शेवटी किंमत कुणी मोजली? जुलै २०१३ मध्ये लष्कराने मोर्सींना हटवलं. १४ ऑगस्टला त्या लष्करी राजवटीने कैरोच्या रबा चौकात मोर्सी-समर्थकांची कत्तल केली आणि त्यानंतर चिडलेल्या जमावांनी देशभरात डझनावारी चर्च जाळली. मिन्या प्रांतात सर्वात जास्त आगी लागल्या. सॅम्युएल हबीबांनी १९५० च्या दशकात खेडुतांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम सुरू केलं, ते याच मिन्यात. जळालेल्यांत त्यांच्या पंथाची चर्चही होती.